आरंभीची शिल्लक

परवा महाडला एका सभेत एका जाणत्या गृहस्थांचे भाषण ऐकले. नगरपालिकांचे हिशेबाचे आणि कारभाराचे जुने सॉफ्टवेअर एका रात्रीत बंद करावे, मोठ्या शहरांसारखी तयार प्रणाली विकत आणावी, जुनी रजिस्टरे रद्दीत घालावीत, असे त्यांचे म्हणणे. याला विरोध करतो तो कारकून चिरीमिरी बुडेल म्हणून करतो, हेही त्यांनी सांगून टाकले. टाळ्या पडल्या. सव गावी घरी पोचेपर्यंत माझा राग उतरला नव्हता. माझी सारी नोकरी एका नगरपालिकेच्या लेखा विभागात गेली आहे.

चिरीमिरीबद्दल एवढेच, की खाणारा वहीतही खातो आणि लॉगिन दिले तरी खातो. आणि स्वस्ताईचे म्हणाल, तर तयार प्रणाली स्वस्त दिसते ती फक्त निविदा उघडण्याच्या दिवशी.

खरा प्रश्न आरंभीच्या शिलकेचा आहे, आणि त्यावर वक्ते अवाक्षर बोलले नाहीत. नव्या प्रणालीत पहिला आकडा कोण भरणार, आणि कुठून आणणार? थकबाकी मागणी रजिस्टरातून येते, जमा रोकडवहीतून, शिल्लक बँकेच्या पासबुकातून. या तिन्हींचा ताळमेळ आधी बसलेला नसेल तर चूक जशीच्या तशी नव्या घरात राहायला जाते. आमच्याकडे तेच झाले. मार्चअखेर जुने बंद, एप्रिलात नवे सुरू. एक घर आजोबांच्या नावे, वाटणी तीन भावांत, नळजोडणी धाकट्याच्या बायकोच्या नावे. जुन्या रजिस्टरात हा सगळा गुंता शेऱ्याच्या रकान्यात नीट लिहिलेला होता. नव्या पडद्यावर शेऱ्याचा रकानाच नव्हता. ठेकेदाराच्या मुलांनी एका घराची तीन खाती केली आणि तिघांनाही पूर्ण थकबाकीची नोटीस गेली. त्या घरातली आजी पिशवीत अकरा वर्षांच्या पावत्या घेऊन खिडकीशी आली. पावत्या खऱ्या, पडद्यावर मात्र बाकी. "संगणक खोटं बोलतो का रे बाबा?" तिने विचारले. मला उत्तर देता आले नाही. शेवटी माळ्यावरचे जुने रजिस्टर खाली काढले तेव्हा तिची सुटका झाली. ते रद्दीत गेले असते तर त्या बाईने कुणाच्या दारात जायचे होते?

मोठ्या शहरांचे दाखले देणाऱ्यांनी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचाही द्यावा. तिथल्या कौन्सिलने 1999 पासून वापरातले सॅप हे सॉफ्टवेअर सोडून एप्रिल 2022 मध्ये ऑरॅकल सुरू केले. सुमारे दोन कोटी पौंडांचे काम दहा कोटींच्या पुढे गेले. बँकेतली जमा आणि खात्यावरची जमा जुळवणारा भागच नीट चालेना, म्हणून माणसे बसवून हाताने जुळवाजुळव करावी लागली. सप्टेंबर 2023 मध्ये नवा खर्च थांबवल्याची नोटीस निघाली. त्यात समान वेतनाच्या दाव्यांचा भार मोठा होता, हे खरे; पण हिशेबही हाताशी नव्हता.

आणि रद्दी! महाडात उभे राहून हा शब्द उच्चारवतो कसा? चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव नगरपालिकेने जानेवारी 1924 मध्ये केला. 20 मार्च 1927 ला त्या हक्काने पाणी प्यायला लोक तळ्यावर गेले, त्याच ऑगस्टात ठराव फिरवला गेला, वाद कोर्टात गेला आणि मार्च 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विरोधकांचे अपील फेटाळले. तळे खासगी की नगरपालिकेचे, हा त्या वादातला कळीचा मुद्दा होता. असे मुद्दे जुन्या कागदावरच उभे राहतात किंवा पडतात.

मोडी लिपी गेली तेव्हाची गोष्टही अशीच. बाळबोध यायला माझी हरकत नाही. पण मोडी वाचणारी माणसे आपण पुरेशी राखली नाहीत, म्हणून आज पेटीत पणजोबांचे खत असते आणि ते वाचणारा गावोगाव शोधावा लागतो.

कागद भिजतो, हा त्या वक्त्यांचा एक मुद्दा मात्र मला पूर्ण मान्य आहे. 22 जुलै 2021 ला महाड पाण्याखाली गेले ते आम्ही पाहिले आहे. म्हणून प्रत्येक पानाची संगणकीय प्रत सावित्री नदीच्या खोऱ्याबाहेर ठेवा. पण मूळ पान फेकू नका.

नवी प्रणाली मलाही हवी आहे. घरपट्टी घरबसल्या भरता यावी, हिशेब द्विनोंदी पद्धतीने व्हावा. आधी ताळमेळ घ्या, मग एक पूर्ण आर्थिक वर्ष जुने आणि नवे शेजारी शेजारी चालवा, शेऱ्याचा रकाना ठेवा, आणि नोंदींची मालकी पालिकेची राहील असे करारात लिहून घ्या. खातेदारांची यादी प्रभागात वाचून दाखवा. सुरुवात शेजारच्या पोलादपूरपासून करा. तिथली नगरपंचायत लहान आहे, एका प्रभागाचे काम दोन माणसे पावसाळ्याआधी पुरे करू शकतील. त्यांतला एक मी. सवहून रोज यायला मी तयार आहे.