बंदी मटाटूवर, मोकळा मालक

नैरोबीत मिनीबसला मटाटू म्हणतात. ३ डिसेंबर २०१८ ला गव्हर्नरांनी कोंडीचं कारण देऊन शहराच्या मध्यभागी मटाटूंना बंदी केली. हजारो लोक तंगडतोड करत कामावर गेले. लगेचच बंदी मागे! ज्यांनी हुकूम काढला, त्यांनी कधी मटाटूची वाट पाहिली असेल का?

कोंबलेली माणसं, बेफाम वेग, दारात लटकणारा कंडक्टर, सगळं खरं. पण ड्रायव्हर असा का पळवतो? संध्याकाळी मालकाच्या हातात ठरलेली रक्कम ठेवावीच लागते. इंधन आणि पोलिसांचा हप्ता वजा जाऊन उरेल ती त्याची कमाई. रिकामी सीट थेट त्याच्या चुलीवर येते. २००४ मध्ये तिथे स्पीड गव्हर्नर आणि सीटबेल्ट सक्तीचे झाले. चांगलंच झालं, पण मालकाची ती रक्कम तशीच राहिली.

आपल्यापैकी कितीजणांच्या घरात भाड्याची रिक्षा आहे! शिफ्टचं भाडं सुटेपर्यंत घास गोड लागत नाही, हे त्यांना वेगळं सांगायला नको. तेव्हा मित्रांनो, ‘रिक्षावाले माजलेत’ म्हणणाऱ्यांना एवढंच विचारा: परवाना कुणाच्या नावावर आहे, आणि ड्रायव्हरला पगार का नाही?