नळाला परवाना, खांबाला नाही: कोलकात्यातील बांधकाम कारागिरांचा प्रश्न

कोलकात्याच्या गार्डन रीच भागात १७ मार्च २०२४ रोजी मध्यरात्रीच्या सुमारास बांधकाम सुरू असलेली पाच मजली इमारत शेजारच्या झोपड्यांवर कोसळली. दहाहून अधिक जणांचा त्यात बळी गेला. त्यानंतरची चर्चा बेकायदा बांधकाम, 'प्रमोटर' (कोलकात्यात छोट्या बिल्डरला हेच नाव आहे) आणि महापालिकेची देखरेख यांभोवती फिरत राहिली. ती आवश्यकच होती. मात्र शहरातील घरे ज्यांच्या हातून उभी राहतात, त्यांना हे काम शिकवते कोण, हा प्रश्न मागे पडला.

महापालिका हद्दीत इमारतीच्या नकाशावर वास्तुविशारद, संरचना अभियंता किंवा परवानाधारक सर्वेक्षक यांची सही लागते. नळजोडणीला परवानाधारक प्लंबर लागतो, विजेच्या कामाला परवानाप्राप्त वायरमन. परंतु पाया व खांब उभारणारा राजमिस्त्री आणि सळया बांधणारा कारागीर यांच्याकडे असा कोणताही परवाना मागितला जात नाही. गळका नळ आठवडाभरात उघडकीस येतो; खांबातील चूक गिलाव्याखाली वर्षानुवर्षे दडून राहते.

या चुका दिसायला किरकोळ असतात. खांबातील रिंगेचे टोक १३५ अंशांत आत वळवावे लागते. घाईत ते ९० अंशांवरच सोडले, तर भूकंपाच्या हादऱ्यात रिंग उघडू शकते. काँक्रीट सहज पसरावे म्हणून त्यात जादा पाणी ओतले की त्याची ताकद घटते. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस पाणी मारावे, असे भारतीय मानक सांगते. मजुरी वाचवण्यासाठी त्याला तिसऱ्या दिवशीच सुट्टी मिळते. गाळाच्या मऊ मातीवर वसलेल्या शहरात तर अशा हलगर्जीपणाला फारशी जागा उरत नाही.

कोलकात्यातील अनेक गवंडी मुर्शिदाबाद आणि मालदा जिल्ह्यांतून येतात. मुंबई, पुणे व केरळमधील बांधकामांवरही याच जिल्ह्यांतील कारागीर मोठ्या संख्येने दिसतात. मुलगा प्रथम 'जोगाडे', म्हणजे बिगारी, म्हणून लागतो. विटा-मसाला वाहतो आणि काही वर्षांनी थापी हातात घेतो. ही परंपरा टाकाऊ मुळीच नाही. भिंत ओळंब्यात कशी ठेवावी, हे वर्गात बसून येत नाही. उणीव एवढीच की उस्तादाला जे ठाऊक नाही ते शिष्यालाही मिळत नाही, आणि आरसीसीच्या बाबतीत उस्तादही बहुधा पाहूनच शिकलेला असतो.

सरकारी प्रशिक्षणाची सोय नाही असे नव्हे. आयटीआयमध्ये आठवी उत्तीर्णांसाठी गवंडीकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. पश्चिम बंगालने २०१६ मध्ये 'उत्कर्ष बांगला' योजना सुरू केली. केंद्राच्या २०१५च्या कौशल्य विकास योजनेत अनुभवी कारागिराची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची तरतूद झाली. अडचण हिशेबाची आहे. रोजंदारीवर जगणाऱ्याने वर्गात बसायचे तर त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि प्रमाणपत्र मिळाल्यावर मुकादम दर वाढवून देईल याची खात्री नाही. ज्या कागदाने हजेरी वाढत नाही, त्यासाठी हजेरी कोण बुडवील?

यावर एक तोडगा ग्रामीण घरकुल योजनेत निघाला होता. तेथील प्रशिक्षणार्थी सुमारे ४५ दिवसांत प्रत्यक्ष घर बांधतच शिकतो. पश्चिम बंगालमध्ये मात्र २०२२ मध्ये या योजनेचा केंद्रीय निधी अडला; घरेच थांबली की अशी शाळाही थांबते.

इतर राज्यांत बंगाली भाषक मजुरांना त्रास दिला जात असल्याच्या तक्रारी वाढल्यानंतर राज्य सरकारने १८ ऑगस्ट २०२५ रोजी 'श्रमश्री' योजना जाहीर केली. परतणाऱ्या कामगाराला वर्षभरापर्यंत दरमहा ५,००० रुपये आणि गरजेनुसार प्रशिक्षण, असे तिचे स्वरूप होते. कुशल गवंड्याला इतकी रक्कम परगावी काही दिवसांतच मिळते. त्यामुळे तो या पैशासाठी थांबेल असे नाही.

पैशाचा दुसरा स्रोत आहे तो बांधकाम खर्चावरील एक टक्का उपकराचा. कामगार कल्याणासाठी १९९६च्या कायद्याने तो लागू केला आणि २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही उपकराची तरतूद कायम आहे. प्रशिक्षणाच्या दिवसांची मजुरी यातून देणे आणि महापालिकेने नकाशा मंजूर करताना प्रत्येक कामावर किमान एक प्रमाणित मिस्त्री बंधनकारक करणे, या दोन गोष्टी एकत्र झाल्या तर प्रमाणपत्राला बाजारात किंमत येईल. अर्थात, जी इमारत मंजुरीविनाच उभी राहते, तेथे ही अट कोण तपासणार, हा गार्डन रीचचा प्रश्न तरीही शिल्लक राहतो.