६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे! यूपीएस घेण्याआधी हे गणित कराच

वीज जाते, यूपीएस ‘बीप’ करतो आणि त्याच क्षणी कॉम्प्युटर बंद पडतो. जीएसटी रिटर्न अर्धवट राहते, ऑनलाइन फॉर्म पुन्हा पहिल्यापासून भरावा लागतो. खापर फुटते बॅटरीवर. पण अनेकदा चूक खरेदीच्या दिवशीच झालेली असते.

व्हीए आणि वॅटमध्ये फरक काय?
खोक्यावर ठळक छापलेला आकडा व्हीएचा असतो. कॉम्प्युटर प्रत्यक्ष खर्च करतो ती वीज मात्र वॅटमध्ये मोजतात. घरगुती यूपीएसचा पॉवर फॅक्टर बहुतेकदा ०.६ च्या आसपास असतो. म्हणजे ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॅटपर्यंतचाच भार पेलतो.

किती व्हीए घ्यावा?
ऑफिसकामाचा डेस्कटॉप १०० वॅट, एलईडी मॉनिटर ३० आणि राउटर १० वॅट धरला, तर बेरीज १४० होते. त्यात २५ टक्के वाढवा, १७५ वॅट. इथे ६०० व्हीए पुरेसा आहे. गेमिंग किंवा व्हिडिओ एडिटिंगच्या मशीनचा भार मात्र ४०० वॅटवर जाऊ शकतो. तिथे ५०० वॅट किंवा त्याहून जास्त क्षमतेचाच यूपीएस हवा. एसएमपीएसवरचा ४५० वॅटचा आकडा ही त्याची कमाल क्षमता असते, रोजचा खर्च नव्हे.

बॅकअप किती वेळ मिळेल?
ते बॅटरीवर ठरते. १२ व्होल्ट, ७ एएचच्या बॅटरीत कागदावर ८४ वॅट-तास वीज असते. १४० वॅटच्या भाराला ती ३६ मिनिटे पुरायला हवी. पण जास्त करंट ओढला जात असल्याने प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याहूनही कमी वेळ मिळतो. तेवढ्यात फाइल सेव्ह करून मशीन नीट बंद करायचे, एवढेच यूपीएसचे काम. तासाभराच्या लोडशेडिंगसाठी इन्व्हर्टरच हवा.

काय जोडू नये?
लेझर प्रिंटर. त्यातला हीटर एका झटक्यात शेकडो वॅट ओढतो आणि यूपीएस ओव्हरलोड होतो.

दुकानात ‘सहाशेचा घ्या, सगळे चालेल’ हे उत्तर सर्रास मिळते. खरे तर वॅटचा आकडाही खोक्यावर तितक्याच ठळकपणे छापला गेला पाहिजे. तोवर ग्राहकाने एकच प्रश्न विचारावा : ‘हा किती वॅटचा?’ उत्तर मिळाले नाही, तर पैसे खिशातच राहू द्यावेत.