फाईल पाठवतो सगळेच, पण ती जाते कशी?



२०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला आणि ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द आपल्या तोंडी बसला. त्यानंतर आपण बरंच शिकलो. व्हिडिओ बनवले, क्यूआर कोड वापरले, ऑनलाईन माहिती भरली. आज आमच्या निमोणे परिसरातल्या शाळांतही प्रश्नपत्रिकेपासून पटाच्या माहितीपर्यंत सगळं मोबाईलवरूनच जातं-येतं. ही प्रगतीच आहे, नाही म्हणायचं कारण नाही.

पण माझं एक स्पष्ट मत आहे. फॉरवर्ड करता येणं म्हणजे फाईल पाठवता येणं नव्हे. फाईल कुठून निघाली, कुठे जाऊन बसली, वाटेत ती कोण पाहू शकतं, हे आपल्यातल्या बहुतेकांना सांगता येत नाही. आणि जे आपल्याला सांगता येत नाही, ते आपण मुलांना काय शिकवणार? म्हणून प्रत्येक शिक्षकाने एकदा तरी एफटीपी समजून घ्यावं, असं मला वाटतं.

एफटीपी म्हणजे काय?

एफटीपी म्हणजे फाईल ट्रान्सफर प्रोटोकॉल. प्रोटोकॉल म्हणजे दोन्ही बाजूंनी मान्य केलेली रीत. एका कॉम्प्युटरवरची फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर कशी न्यायची, याची ही रीत आहे. ती पहिल्यांदा कागदावर मांडली ती एका भारतीयाने, हे आपल्या मुलांना आवर्जून सांगायला हवं. अभय भूषण मूळचे अलाहाबादचे, आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. अमेरिकेत एमआयटीमध्ये असताना १६ एप्रिल १९७१ रोजी त्यांचा तो मसुदा प्रसिद्ध झाला. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला. म्हणजे त्याच्या चोवीस वर्षं आधी एका भारतीय तरुणाने फाईल पाठवायची रीत लिहून ठेवली होती!

आता ही रीत चालते कशी? जून महिन्यातली पाठ्यपुस्तकं आठवा. आधी फोन येतो. कोणती शाळा, पट किती, कोणत्या इयत्तेचे किती संच, हे बोलणं फोनवर होतं. पुस्तकं मात्र टेम्पोतून येतात. फोनमधून पुस्तक येत नाही आणि टेम्पो प्रश्न विचारत नाही. एफटीपीतही असेच दोन वेगळे मार्ग असतात. एका मार्गावर फक्त बोलणं चालतं: मी अमुक, हा माझा पासवर्ड, तुझ्याकडची यादी दाखव, ही फाईल दे, ही फाईल ठेवून घे. दुसऱ्या मार्गावरून प्रत्यक्ष फाईल जाते. या मार्गांच्या दारांना नंबरही दिलेले आहेत. बोलण्याचं दार २१ आणि मूळ पद्धतीत मालाचं दार २०.

फाईल जपून ठेवणारा आणि मागेल त्याला देणारा कॉम्प्युटर म्हणजे सर्व्हर. मागणारा तो क्लायंट. आपल्याकडून सर्व्हरकडे गेली तर अपलोड, तिकडून आपल्याकडे आली तर डाऊनलोड. बालभारतीच्या संकेतस्थळावरून आपण पुस्तकाची पीडीएफ उतरवून घेतो, तेव्हा आपला मोबाईल क्लायंट असतो आणि तिकडचा कॉम्प्युटर सर्व्हर. तिथे रीत एफटीपीची नसते, वेब पानांची असते, पण देणं-घेणं तेच.

आपल्यासारख्या रेंज येणाऱ्या-जाणाऱ्या भागासाठी यात एक कामाची सोय आहे. मोठी फाईल अर्ध्यावर असताना लाईट गेली, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. सर्व्हरने ही सोय चालू ठेवली असेल, तर जिथे थांबलं तिथून पुढे चालू करता येतं. फाईलझिलासारखं मोफत सॉफ्टवेअर हे काम करतं.

‘ड्राईव्ह असताना हे कशाला?’

हा प्रश्न रास्त आहे. ब्राउझरवाल्यांनीसुद्धा २०२१ मध्ये एफटीपीला रजा दिली. क्रोममधून ते गेलं, फायरफॉक्समधूनही गेलं. रोजच्या कामाला गूगल ड्राईव्हच सोपं आहे, ते वापरूच नका असं मी म्हणत नाही.

पण मला सांगा, प्रत्येक मोबाईलमध्ये कॅल्क्युलेटर असताना आपण हातच्याची वजाबाकी का शिकवतो? उत्तर काढायला नव्हे, उत्तर येतं कसं ते कळायला. एफटीपीचं तसंच आहे. त्यात काहीच झाकलेलं नसतं. सॉफ्टवेअर उघडलं की डाव्या बाजूला आपला कॉम्प्युटर, उजव्या बाजूला सर्व्हर. फाईल इकडची तिकडे जाताना डोळ्यांनी दिसते. नव्या ॲपमध्ये नुसता एक बाण दाबायचा असतो. बाण दाबणाऱ्याला सोय मिळते, पण समज मिळतेच असं नाही.

ही समज नसल्याचे तोटे आपण रोज भोगतो. चांगला फोटो ग्रुपवर पाठवला की तो बारीक होऊन जातो, छापायला घेतला की फुटतो. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो, हे किती जणांना माहीत असतं? एखाद्या बाईंनी चार रविवार घालवून बनवलेली वर्कशीट ग्रुपवर येते, दोन दिवसांत शेकडो ‘सुप्रभात’ खाली गाडली जाते. पुढच्या वर्षी दुसरे गुरुजी तीच वर्कशीट नव्याने बनवायला बसतात. बदली झाली की शिक्षक जातो आणि त्याच्या मोबाईलबरोबर शाळेच्या पाच-सात वर्षांच्या फायलीही जातात. शाळेचं दप्तर कपाटात राहतं, मग शाळेच्या फायलींना घर का नको?

खरी काळजी मुलांच्या माहितीची

पालकांनी हा भाग नीट वाचावा. जुन्या एफटीपीत एक मोठा दोष होता. पासवर्ड आणि फाईल दोन्ही उघडंच जायचं. पोस्टकार्डासारखं! वाटेतल्या कोणालाही वाचता यायचं. म्हणून पुढे एसएफटीपी आलं. ते नुसतं जुन्याचं बंद पाकीट नाही, रीतच वेगळी आहे, पण काम तेच आणि वाटेत मजकूर कुलूपबंद असतो.

हे कळलं की पुढचा प्रश्न आपोआप सुचतो. मुलांची नावं, जन्मतारखा, आधार क्रमांक, बँक खाती असलेली एक्सेल फाईल शे-दीडशे जणांच्या ग्रुपवर टाकायची का? व्हॉट्सॲपचं पाकीट वाटेत बंद असतं, हे खरं. पण ते शे-दीडशे घरी जाऊन उघडतं, त्याचं काय? त्यातला कोणीही ती फाईल पुढे पाठवू शकतो, आणि एकदा गेलेली फाईल परत बोलावता येत नाही. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठी देशाने २०२३ मध्ये कायदा केला. त्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे. म्हणजे आपल्या शाळेतलं प्रत्येक लेकरू त्यात आलं. पण कायदा नसता तरी लेकरांची माहिती ही आपल्याकडे ठेवायला दिलेली अमानत आहे.

एफटीपीची रीत आपल्याला तीन प्रश्न विचारायला शिकवते. फाईल कुठे ठेवली आहे? किल्ली कोणाकडे आहे? वाटेत आणि पोचल्यावर कोण पाहणार आहे? माहिती मागणाऱ्यालाही हे प्रश्न नम्रपणे विचारायला हरकत नाही.

मग करायचं काय?

पहिलं, शाळेच्या नावाने एक ठिकाण ठरवा. ड्राईव्ह असो वा शाळेचा कॉम्प्युटर, पण ते शाळेचं असावं, एका माणसाचं नको. किल्ली मुख्याध्यापकांकडे.

दुसरं, फाईलला नाव द्या. इयत्ता, विषय, घटक, वर्ष, या क्रमाने. नाव इंग्रजी लहान अक्षरांत आणि मध्ये मोकळी जागा न सोडता दिलं तर कुठल्याही सर्व्हरवर अडत नाही.

तिसरं, इंटरनेट नसतानाही एफटीपी वापरून बघा. बऱ्याच अँड्रॉइड मोबाईलच्या फाईल मॅनेजरमध्ये ‘एफटीपी’ किंवा ‘रिमोट’ असा पर्याय असतो. मोबाईल आणि कॉम्प्युटर एकाच हॉटस्पॉटवर जोडा, मोबाईलवर दिसणारा पत्ता कॉम्प्युटरच्या फाईल एक्सप्लोररमध्ये टाका. सहलीचे दोनशे फोटो केबल न लावता, डेटा न जाळता उतरतात. काम झालं की पर्याय बंद करा. ते दार उघडं ठेवू नका.

चौथं, मुलांना हे खेळातून शिकवा. कॉम्प्युटर लागत नाही. एक मुलगी सर्व्हर, तिच्याजवळ चित्रांचा खोका. एक मुलगा क्लायंट. एक जण निरोप नेणारा, एक जण चित्र नेणारा. आधी नाव आणि परवलीचा शब्द, मग यादी, मग मागणी, मग चित्र. चित्राचे सहा तुकडे करून, नंबर टाकून पाठवा. एक तुकडा वाटेत ‘हरवला’ तर काय करायचं, हे मुलांनाच विचारा. चौथीची मुलं सांगतात, ‘गुरुजी, फक्त तेवढाच परत मागायचा!’ बघा, शिकलीच की पोरं.

जवळच जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना उभ्या आहेत. तिथे टिपलेली आकाशाची माहिती जगभरचे शास्त्रज्ञ इंटरनेटवरून मागवून घेतात. आपल्या गावची पोरं उद्या अशा कामावर असावीत, असं वाटत असेल, तर त्यांना नुसता बाण दाबायला शिकवून भागणार नाही. बाण दाबल्यावर पुढे काय होतं, तेही शिकवायला हवं. आणि त्याआधी ते आपल्याला यायला हवं.