सोप्या बिस्किटांचा कैवार

पदार्थाची योग्यता चवीवरून ठरते असे आपण तोंडाने म्हणत असलो, तरी पंगतीत, रुखवतात आणि दिवाळीच्या ताटात त्याला जो मान मिळतो तो बहुतांशी करणारीच्या कष्टांवरून मिळतो, ही गोष्ट थोडे निरखून पाहणाऱ्या कोणाच्याही ध्यानात येईल. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवावे लागतात, रोज त्यांचे पाणी बदलावे लागते, मग ते सावलीत निथळून कुटावे लागतात, म्हणून अनारसा थोर. भाजणीतले प्रत्येक धान्य निरनिराळे भाजावे लागते, म्हणून चकली खानदानी. आणि बेळगावच्या मांड्याविषयी तर बोलावयासच नको, कारण पिठीसाखर, खवा नि खसखस यांचे सारण पोटात घेतलेली पोळी दोन्ही हातांवर झेलीत झेलीत अंगवस्त्राएवढी विस्तारावी, ती न फाटता उपड्या घातलेल्या तप्त कढईवर पसरावी आणि कडक होण्यापूर्वीच्या दोन-चार क्षणांत तिची चौकोनी घडी घालावी, हे काम ज्या बाईला साधले तिची कीर्ती शहापूर-वडगावापासून निपाणीपर्यंत लग्नघरांत पसरत असे आणि आजही पसरते.

या दरबारात नानकटाईला आसन नाही. मैदा, तूप आणि साखर या तीन जिनसांची, चार भांड्यांच्या पसाऱ्यात अर्ध्या-पाऊण तासात होणारी ही बिस्किटे कोणी घरी करून पुढे ठेवली, तर खाणारे ती आवडीने खातात, दुसऱ्यांदा हात पुढे करतात, आणि मग घरातली एखादी वडीलधारी बाई बेळगावी सुरात सहज विचारते, ‘‘ह्यात काय केलीस गं तू?’’ या प्रश्नात दुष्टावा नसतो. असतो तो एक पिढीजात हिशेब, ज्यात जमेच्या बाजूस केवळ श्रमच मांडले जातात. हा हिशेब आता तपासून पाहावा, आणि सोपेपणा हा पदार्थाचा दोष न मानता गुण मानावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

ही बिस्किटे परकी आहेत, आपल्या फराळाच्या परंपरेत त्यांचा वारसाहक्क नाही, असा आक्षेप प्रथम येतो. परंपरेचे दप्तर उघडले तर काय दिसते? नानकटाईचा जन्म सुरतेतला मानतात; डच वखारीच्या काळात तेथे पाव भाजण्याची भट्टी होती, डच गेल्यावर ती दोटीवाला नामक पारशी कुटुंबाकडे आली, आणि पावाला गिऱ्हाईक उरले नाही तेव्हा सुकवलेल्या पावाच्या तुकड्यांतून हळूहळू आजची नानकटाई, म्हणजेच खटाई, घडत गेली, अशी हकीकत त्या शहरात सांगतात. आमच्या बाजूस भट्टीची विद्या मात्र दोन वाटांनी आली असावी असे भूगोलावरूनच दिसते. बेळगाव हे इंग्रजी अंमलातले छावणीचे गाव, मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आजही तेथेच आहे. छावणी म्हटली की पाव आला आणि पाव म्हटला की भट्टी आली. दुसरी वाट घाटाखालची, गोव्याची, जेथे पोदेर पहाटे पाव घेऊन दारोदार फिरतो आणि जेथल्या ख्रिस्ती घरांत रवा-नारळाची बोलिन्हा नावाची बिस्किटे नाताळात अगत्याने होतात. एका बाजूस छावणी, दुसऱ्या बाजूस सांगली संस्थानच्या ताब्यातले शहापूर, आणि घाट उतरला की पोर्तुगीज मुलूख, अशा तीन सत्तांच्या शेजारात वाढलेल्या गावाने कोणते खाद्य अस्सल आणि कोणते उपरे याचा फार काथ्याकूट करू नये, हेच बरे.

शिवाय ही बिस्किटे आपल्या लोकांनी केवळ विकत घेऊन खाल्ली असेही नाही. ज्यांची वये आज साठीच्या पुढे आहेत त्यांना आठवत असेल की दिवाळीच्या आधी किंवा मे महिन्याच्या सुट्टीत घरचा मैदा, घरचे तूप किंवा डालडा, दळून आणलेली साखर आणि वेलदोड्यांची पूड असे सामान डब्यांत भरून पोरे बेकरीवर जात. तेथला कारागीर मजुरी ठरवून ते मळी, काळ्या पत्र्यांवर गोळे मांडी, आणि आपले पत्रे दुसऱ्याच्या पत्र्यांत मिसळू नयेत म्हणून घरातले एक माणूस तेथे तास-दोन तास पहारा करी. पत्र्याच्या चौकोनी डब्यात भरून ती बिस्किटे घरी आली की पुढचा महिनाभर चहाबरोबर पुरत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी प्रांतांच्या हद्दी बदलल्या आणि आमचा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, त्या घटनेचे दुःख या भागाने नंतर किती वर्षे उराशी धरले हे सर्वश्रुत आहे. पण भट्टीपुढच्या रांगेत मराठी घरचा डबा आणि कानडी घरचा डबा शेजारी शेजारी उभे राहत, आणि भाषेवरून पत्र्यांची अदलाबदल झाल्याची तक्रार कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

भट्टीच्या या रिवाजात एक शहाणपण दडलेले होते. विटांची भट्टी पहाटे पावासाठी कडक तापवतात; पाव निघाल्यावर विटांत साठलेली उष्णता तासन्‌तास हळूहळू उतरत राहते, आणि खटाईला नेमकी तीच उतरती, मंद आच मानवते, कारण तिला करपू न देता आतपर्यंत वाळवावयाचे असते. म्हणजे बेकरीवाल्याचे सरपण वाया जात नव्हते आणि गृहिणीचे हात भाजत नव्हते. आपल्या आज्यांनी अवघड काम जाणत्याकडे सोपवून सोपी वाट पूर्वीच स्वीकारली होती, आणि त्याबद्दल त्यांना कोणी आळशी म्हटले नाही.

आता ती आच घरात आली आहे. विजेची छोटी भट्टी ज्यांच्याकडे आहे त्यांचे काम १६० अंश सेल्सिअसच्या सुमारास पंधरा-वीस मिनिटांत होते; ज्यांच्याकडे नाही त्यांनी जाड बुडाच्या कढईत किंवा पातेल्यात मिठाचा वा वाळूचा थर द्यावा, त्यावर तिवई ठेवावी, झाकण घालून दहा मिनिटे तापवावे आणि मग ताटली आत सोडावी, की थोड्या अधिक वेळात तोच परिणाम मिळतो. प्रमाण म्हणाल तर पाव किलो मैद्याला सव्वाशे ग्रॅम तूप आणि तेवढीच पिठीसाखर, वर चिमूटभर सोडा, चिमूटभर मीठ आणि वेलदोडा. मैद्यातली दोन मुठी वजा करून तेवढे बेसन वा बारीक रवा घातला तर खुसखुशीतपणा वाढतो. आमच्या भागात पिकणाऱ्या खपली गव्हाचे पीठही येथे उत्तम चालते, कारण त्याला मुळातच ताण कमी.

पण खरी गंमत प्रमाणात नाही, क्रियेत आहे. तूप थिजलेले घ्यावे, पातळ नव्हे. त्यात पिठीसाखर घालून ते फिके पडेपर्यंत फेसावे, म्हणजे साखरेचे सूक्ष्म कण तुपात हवा कोंडतात आणि पुढे उष्णतेने तीच हवा फुगून बिस्कीट हलके होते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवर, तेव्हा श्रावणात तूप आपोआप दाट असते. चैत्रात मात्र ते थंड जागी ठेवूनच घ्यावे लागते. पिठाच्या प्रत्येक कणाभोवती तुपाचे वेष्टन बसले की त्याला पाणी शोषता येत नाही आणि पिठातले चिवट धागे जुळतच नाहीत. शंकरपाळ्यांना कडकडीत मोहन घालणाऱ्या प्रत्येक बाईला हे तत्त्व, नाव ठाऊक नसले तरी, हाताने ठाऊक आहे. अमेरिकेत नाताळात जी साखरेची बिस्किटे करतात त्यांत लोणी आणि अंडे असते, पीठ लाटून त्याचे तारे-चांदण्या कापतात आणि वर साखर भुरभुरतात. आपल्या तुपात लोण्यातले पाणी नसल्यामुळे आपले बिस्कीट अधिक भुसभुशीत होते आणि त्याला लाटण्याचीही गरज पडत नाही. भट्टीतून निघताना ते बोटाला मऊ लागते, म्हणून नवखा माणूस आणखी पाच मिनिटे भाजतो आणि ते दगड होते. वास्तविक ते थंड होतानाच कडक व्हावयाचे असते.

आणि येथेच श्रमांच्या त्या जुन्या हिशेबाला उत्तर मिळते. मांड्याला पीठ मळून मळून, तिंबून तिंबून त्यातले चिवट धागे जागे करावे लागतात, कारण ते नसतील तर पोळी हातावर फाटेल. तेथे श्रम हाच कलेचा प्राण आहे. नानकटाईत ते धागे निजलेलेच राहावे लागतात; पीठ जेमतेम एकत्र येताच हात आवरावा लागतो, आणि जी बाई अधिक मायेने, अधिक निष्ठेने मळत बसेल तिचेच बिस्कीट वातड होते. ‘ह्यात काय केलीस’ या प्रश्नाचे शास्त्रशुद्ध उत्तर असे की, जितके करावयास नको होते तितके केले नाही, आणि हा संयम पाककलेत काही क्षुल्लक नव्हे. दोन पदार्थ, दोन विरुद्ध विद्या. एकीच्या मापाने दुसरीचे मोजमाप करणे हा अन्याय आहे.

हा अन्याय कोणावर होतो तेही पाहिले पाहिजे. निपाणी हे तंबाखूचे आणि विडीचे गाव. तेथे कित्येक घरांतल्या बाया मांडीवर सूप घेऊन दिवसभर पान कापतात, जर्दा भरतात, विडी वळून दोरा बांधतात, आणि त्यांची मजुरी दिवसावर नव्हे तर हजार विड्यांमागे ठरते. ज्या बाईचा प्रत्येक तास असा विड्यांत मोजला जातो, तिने तीन दिवस तांदळाचे पाणी बदलावे, आठ धान्ये निरनिराळी भाजावीत आणि तसे न जमल्यास शेजारणीपुढे ओशाळावे, ही अपेक्षा ज्यांच्या घरी फुरसत आहे त्यांनी निर्माण केलेली आहे. मांडे आणि अनारसे ही ज्या वाड्यांतली पाकविद्या, तेथे पाट्यावर वाटणारी, पाणी भरणारी, भांडी घासणारी माणसे वेगळी असत, हे आपण परंपरेचे गोडवे गाताना सोयीस्करपणे विसरतो. सूप बाजूला ठेवून, संध्याकाळची चूल पेटण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात जे गोड मुलांपुढे ठेवता येते, आणि जे बारा वर्षांचा मुलगाही आईच्या देखरेखीवाचून मळू शकतो, ते गोड अशा घरांना अधिक उपयोगाचे आहे. मुलगा म्हणालो ते हेतुपुरस्सर. पोळी लाटण्यास बसवलेला मुलगा आपल्या घरांत अजूनही थट्टेचा विषय होतो, पण बिस्किटांचे गोळे वळताना त्याला कोणी हसत नाही, आणि स्वयंपाकघराचा उंबरठा त्याने कोणत्या का निमित्ताने होईना, ओलांडला म्हणजे झाले.

साखरेविषयी एक वेगळीच विसंगती आहे. १९३९ साली उगार खुर्दला साखर कारखाना निघाला, पुढे संकेश्वरला, निपाणीला, चिकोडीला सहकारी कारखाने उभे राहिले, आणि आज जिल्ह्यात वीसहून अधिक कारखान्यांची धुराडी गळीत हंगामात धूर सोडतात. उसाच्या गाड्यांमागे अडकून ज्याने रस्त्यावर तास काढला नाही असा माणूस या मुलखात विरळा. एवढी साखर करणारा जिल्हा दुपारच्या चहाबरोबर मात्र कोठल्या तरी दूरच्या कारखान्यातला बिस्किटाचा पुडा फोडतो. पुडा वाईट असे मी म्हणत नाही, प्रवासात त्याच्याइतका भरवशाचा सोबती नाही. पण त्यात कोणते तेल आहे हे मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांत शोधावे लागते, आणि घरच्या खटाईत काय आहे ते वासावरूनच कळते.

साखर प्रकृतीला अपायकारक, हा वैद्यकीय आक्षेप खरा आहे, आणि त्याला मी उत्तर देणार नाही. ज्यांना ती वर्ज्य आहे त्यांनी बिस्किटेही वर्ज्य करावीत, अनारसेही. घरोघर बिस्किटे होऊ लागली तर बेकरीवाल्याचे काय, हा प्रश्न मला अधिक टोचतो. गल्लीतली भट्टी बंद पडली की पावाबरोबर तो सबंध रिवाजही जातो, आणि मोठ्या प्रमाणावर, शेकड्याने बिस्किटे हवी असतील तेव्हा घरच्या कढईने भागत नाही. म्हणून रोजची वाटीभर घरी करावीत आणि दिवाळीचा डबा भट्टीवरच न्यावा, असे माझे मत आहे. मात्र तेथे वनस्पती तुपाऐवजी घरचे तूप बरोबर द्यावे आणि मळणाऱ्यास, हात आवरता घे रे बाबा, असे बजावण्याची भीड बाळगू नये. पावसाळ्यात खटाई दोन दिवसांत सादळते, तेव्हा डब्याचे झाकण घट्ट हवे हे निराळे सांगावयास नको.

एक सूचना मात्र करावीशी वाटते. आमच्या भागातली महिला मंडळे दिवाळीत आणि गणेशोत्सवात पाककलेच्या स्पर्धा भरवतात, आणि पहिले पारितोषिक बहुधा ज्या ताटावर सर्वाधिक मेहनत दिसते त्यास जाते. यंदा त्यांनी, तासाभराच्या आत आणि तीन-चार जिनसांत होणाऱ्या पदार्थांसाठी एक स्वतंत्र पारितोषिक ठेवावे. त्यात पुरुषांना आणि शाळकरी मुलांना मज्जाव नसावा, आणि प्रवेशशुल्क घेऊच नये, म्हणजे विडी वळणाऱ्या बाईलाही ताटली घेऊन येता येईल. परीक्षक म्हणून मात्र कोणा पाहुण्या अधिकाऱ्याला न बोलावता गावातल्या सर्वांत वाकबगार मांडेवालीलाच बोलवावे. पिठातला ताण तिच्या बोटांना जितका कळतो तितका कोणालाच कळत नाही, आणि कोणाची खटाई अकारण मळली गेली आहे ते ती पहिल्या तुकड्यालाच सांगेल.