पडत्या फोनचे शून्य

गेल्या महिन्यात एका शाळेतल्या प्रयोगवह्या पाहायला मिळाल्या. फोन गादीवर पाडून ॲक्सेलरोमीटरची नोंद घ्यायची, असा प्रयोग. एका गटाने फोन अर्ध्या मीटरवरून सोडला, दुसऱ्याने एक मीटरवरून, तिसऱ्याने दीड मीटरवरून. आदळतानाचे कमाल त्वरण तिन्ही वह्यांत एकच: ७८.४ मी/से². खाली लाल शाईने ‘बरोबर’.

ही चूक मुलांची नाही, आपली आहे. ७८.४ म्हणजे ९.८ च्या आठपट. त्या फोनमधला सेन्सर तेवढेच मोजू शकतो. त्यापुढे आलेखाचा माथा सपाट होतो. मुलांनी नोंदवली ती धडक नव्हे, सेन्सरची मर्यादा. एक मीटरवरून सोडलेला फोन गादीला टेकतो तेव्हा त्याचा वेग ४.४ मी/से असतो. गादी १० सेंमी दबली, तर थांबतानाचे सरासरी त्वरणच ९८ भरते आणि सेन्सरने दाखवायला हवे १०८ च्या आसपास.

हे जास्तीचे ९.८ कुठून आले? इथेच खरी गोम आहे. चिपमध्ये सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा स्प्रिंगांवर टांगलेला असतो. फोन टेबलावर असताना टेबल फोनला वर रेटते, तुकडा मागे राहतो, स्प्रिंग ताणली जाते आणि पडद्यावर ९.८ उमटते. फोन सोडला की तुकडा आणि फोन बरोबरच पडतात, ताण उरत नाही, म्हणून शून्य. सेन्सर मोजतो तो आधाराचा रेटा. दहावीच्या पुस्तकातले त्वरण तो मोजत नाही. “सर, फोन पडतोय तर शून्य कसं?” असे विचारणाऱ्या मुलीला ‘सेन्सर बिघडला असेल’ म्हणून गप्प बसवू नका. १९०७ साली बर्नच्या पेटंट कार्यालयात आइन्स्टाइन याच गोष्टीपाशी थबकला होता: छपरावरून पडणाऱ्या माणसाला स्वतःचे वजन जाणवत नाही.

फरशीवर आपटून तर काहीच हाती लागत नाही, फोन फुटतो ते वेगळेच. तिथे थांबायला जेमतेम मिलिमीटरभर अंतर मिळते, म्हणजे सेकंदाचा दोन-हजारावा भाग. सेकंदाला १०० नोंदी घेणारा फोन दर १० मिलिसेकंदांनी एकदा पाहतो. धडक दोन नोंदींच्या मध्येच होऊन जाते.

फोन हाताने सोडू नका. दोऱ्याने टांगा आणि दोरा कात्रीने कापा. हाताने सोडलेला फोन गिरक्या घेतो आणि त्या गिरकीचे त्वरण शून्यात मिसळते. ॲपमध्ये गुरुत्व वजा केलेला पर्याय निवडू नका. ती वजाबाकी अंदाजाने होते आणि पडत्या फोनच्या बाबतीत तो अंदाज फसतो. सेन्सरची कमाल मर्यादा आणि सेकंदाला किती नोंदी, हे दोन आकडे वहीत आलेखाच्या आधी लिहून घ्या.

दुसऱ्या गटाच्या वहीत, एक मीटरच्या आलेखावर, शून्याचा पट्टा ०.४५ सेकंद लांब होता. दुप्पट उंचीला काळाच्या वर्गाने भागले असते, तर गुरुत्वत्वरण ९.९ आले असते. तो पट्टा कुणी मोजलाच नव्हता.