आधी मीटर बघा, मग बोंब मारा

गेल्या रविवारी आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या मीटिंगमधे पुन्हा तोच विषय. "लाइटबिल अव्वाच्या सव्वा येतं!" वीस-बावीस माणसं, त्यात निम्मे तरी इंजिनिअर. मी विचारलं, "तुमचं मागचं रीडिंग किती होतं?" एकदम शांतता. मग एक काका म्हणाले, "अरे, तू जर्मनीत राहून आलास ना? तिकडे चालतात का असले घोळ?"

चालतात, काका. तिकडचा घोळ तर मीच घातला होता.

तिकडे दरमहा मीटर बघायला कोणी येत नाही. अंदाजाने ठरलेला हप्ता दर महिन्याला भरायचा आणि वर्षाने खरा हिशोब. रीडिंग बऱ्याचदा आपणच बघून कळवायचं. मी ऐटीत तळघरात जाऊन सगळे आकडे उतरवून पाठवले. शेवटचा लाल चौकटीतला आकडा दशांशाचा असतो हे गावीही नव्हतं. 4823.6 चे झाले 48236! बिल बघून घाम फुटला. मीटरचा फोटो पाठवला तेव्हा सुटलो. इंजिनिअरिंगची डिग्री घेतलेल्या माणसाला साधा मीटर वाचता येईना, आता बोला.

तर मुद्दा असा, की इथे मीटरचा फोटो काढायला माणूस येतो म्हणून आपण कधी बघतच नाही. आणि बघत नाही म्हणून भांडताही येत नाही.

2020 आठवा. लॉकडाऊनमुळे मार्चअखेर रीडिंग घेणं थांबलं. एप्रिल-मेची बिलं आली हिवाळ्यातल्या सरासरीवर, आणि आपण सगळे भर उन्हाळ्यात दिवसभर घरात. जूनमधे रीडिंग सुरू झाल्यावर उरलेली युनिटं एकदम अंगावर आली आणि राज्यभर बोंबाबोंब झाली. स्लॅबचा फायदा महिन्यांमधे विभागून दिलाय, असं महावितरणने सांगितलं. किती जणांनी ते पडताळून पाहिलं?

गणित चौथीचं आहे. समजा, महिन्याला 90 युनिट लागतात, पण दोन महिने सरासरीने 40-40 लावली. तिसऱ्या महिन्यात 270 वजा 80, म्हणजे 190 युनिट येणार. ती एकाच महिन्याची धरली तर 90 युनिट 101 ते 300 च्या स्लॅबमधे गेली, जिथे वीज आकाराचा दर पहिल्या शंभराच्या दुपटीहून जास्त. तीन महिन्यांत विभागली तर एकही युनिट शंभराच्या वर जात नाही. वापर तोच, मीटर तोच, बिल वेगळं!

"पण रीडिंग नीट घेणं त्यांचं काम आहे ना?" आहेच, शंभर टक्के. पण तुमच्याकडे स्वतःचा आकडा नसेल तर तुमच्या तक्रारीला कोण विचारतो?

काम दोन मिनिटांचं आहे. दर एक तारखेला मीटरच्या डिस्प्लेवर केडब्ल्यूएच लिहिलेला आकडा फोटोत घ्यायचा. बिल आलं की चालू रीडिंगमधून मागील रीडिंग वजा करायचं आणि वर 'सरासरी' वगैरे शेरा आहे का ते बघायचं. बस्स. आता स्मार्ट मीटर बसताहेत, रीडिंग आपोआप जाईल. म्हणजे आपण आणखीच बघणार नाही. :-)

दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधणारी आपण माणसं. मीटर खाली पार्किंगमधे आहे. जाऊन बघून या.